बेजोड

चिसोकोने बाजारात माझं टेबल. हातभर रुंद,
मोबाइलच्या फुटक्या काचांनी भरलेलं.
काय करतेस विचारलं कुणी तर सांगते,
डाग देते. कथलाचे.

आज आठ तास वीज नाही,
करिबाचं पाणी तळाला गेलंय म्हणे.
गिऱ्हाईकही नाही.
म्हणून म्बाउलात, कोळशांवर, तांब्याची कांब तापत ठेवली
आणि बाबांचं पेडल उघडलं.
तीन स्क्रू. चौथ्याच्या जागी खिळा.
आत लाल धूळ, नकानाच्या खाणीतली,
पाळी संपली की ते अंघोळ न करताच
बिअर हॉलमध्ये वाजवायला जायचे, त्या वेळची.

हे करतं काय, आईनं विचारलं होतं.
म्हटलं, तार छेडली की लाट वर जाते, खाली जाते.
हे खालची अर्धी उचलून वर मांडतं,
चादरीची घडी घालावी तशी.
एका हेलकाव्याचे होतात दोन
आणि सूर चढतो वरच्या सप्तकात,
गुडघे खरचटत.
खाली गेलेलं सगळं वर?
असं कुठे असतं, म्हणाली,
आणि शेंगा सोलत राहिली.

तसंच दुसरं बनवायला घेतलं मी.
लुसाकाहून चाळीस जर्मेनियम डायोड मागवले,
मीटरला एकेक लावून वहीत आकडे मांडले
तीनशे दोन. तीनशे अकरा. दोनशे अठ्ठ्याण्णव.
तीनशे दोन!
छत्तीस गुण जुळले.
राळेचा धूर डोळ्यांत, तरी हसू येत होतं.

बा मुटाले आले संध्याकाळी.
पूर्वी बाबांच्या शेजारी बास वाजवायचे,
आता चपला शिवतात, पण गिटार गहाण टाकली नाही.
बॅटरीवरचा चिमुकला अँप,
बाराव्या पडद्याच्या पुढे बोट,
टोनचं बटण पार खाली.
सूर निघाला. वरचा. स्वच्छ.
त्यांनी दोनदा वाजवला, मग गिटार मांडीवर आडवी केली.
घंटा आहे पोरी ही.
चर्चला दे.

रात्री मेणबत्तीखाली पुन्हा जुन्यात डोकावले.
एक डायोड तीनशे दोनच्या आसपास,
पण दुसरा वेगळ्याच घरातला:
काच काळवंडलेली, कमरेला तपकिरी पट्टा,
पाय जोडून जोडून लांब केलेले.
तीनशे एकोणनव्वद.
हा कसा नांदला असेल इतकी वर्षं?

सकाळी आईला दाखवला.
तिनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
हा माझ्या रेडिओतला.
लग्नातला. त्रेपन्न वर्षं झाली,
मला म्हणाला होता, वीज पडली त्याच्यावर.
आकाशात ढग नव्हता तेव्हा, मी म्हटलंही होतं.
मग बराच वेळ ती त्या काचेच्या थेंबाला
बेम्बामध्ये शिव्या देत होती,
अगदी हळू, कोंबड्यांना दाणे टाकताना बोलते तशा आवाजात.

नव्या पेडलला भोक पाडून एक खटका बसवला.
एका बाजूला जुळलेली जोडी, घंटावाली.
दुसऱ्या बाजूला तो काळवंडलेला, मूळच्या जागेवरून काढून,
चिमटीत धरून, पाय न भाजता.
आईची परवानगी घेऊन.

बा मुटालेंनी खटका ओढला.
वरचा सूर आला, पण खालचा गेलाच नाही,
दाराच्या चौकटीत कुणी थुंकी गिळत उभं राहावं
तसा गुरगुरत राहिला मागे,
मध्येच तुटला, परत आला.
म्हाताऱ्यानं मान खाली घातली.
मी टेबलावरचे स्क्रू मोजू लागले.

आई मात्र पुढे आली,
पेडलवर वाकली, कान लावून:
यावर बातम्या लागतात का?
कसं लागतील आई, म्हणेपर्यंत
त्यांनी तारांवरून हात उचलला
आणि खरखरीत, फार लांबून,
कुणीतरी बोलत होतं. भाषा कळेना.
हलू नका, आई म्हणाली,
वायरला हात लावू नका कुणी.